सुवेळा नगरीचा स्थपती

एका राज्यात, जिथे डोंगर निळे आणि नद्या संथ, सुवेळा नावाची नगरी होती. तिचे गजद्वार, तिची बारव, तिचा घुमट, सारे भद्रकेतू नावाच्या स्थपतीने बांधले होते.

एकदा राजा रिपुंजयाने त्रिकूट मांत्रिकाची गुहा लुटली आणि एक माणिक आणले. त्या माणकात मांत्रिकाच्या मृत पत्नीचा आवाज राहत असे. राजाने भद्रकेतूला एकांतात बोलावून सांगितले, "हे असे ठेव की कुणाच्याच हाती लागू नये." भद्रकेतूने घुमटाखाली तळघर खोदले, त्यावर शिळा बसवली, आणि शिळा उघडणाऱ्या तीन दगडी खुंट्या आपल्याच तीन वास्तूंत दडवल्या. काम पुरे झाले त्याच दिवशी राजा म्हणाला, "गुपित जाणणारा दूरच बरा. तू नगरी सोड. तुझी लेक इथे राहील. परतलास तर तिची खैर नाही."

लेक मंदाकिनी तेव्हा सोळा वर्षांची होती. तिला आई नव्हती. भद्रकेतू गेला, आणि बारा वर्षे परमुलखात परक्यांच्या भिंती बांधत राहिला. मग एके दिवशी एक लमाण त्याला म्हणाला, "सुवेळा ओस पडली, बाबा. माणूस दिसत नाही तिथे." भद्रकेतूने थापी खाली ठेवली, हात धुतले आणि तो निघाला.

सातव्या दिवशी, उन्हे चढत असताना, तो वेशीतून आत शिरला. पेठ रिकामी होती. दुकानांच्या फळ्या उघड्या होत्या. चुलींतून धूर येत होता, अंगणे सारवलेली होती, एका मागावर अर्धे विणलेले लुगडे होते. पण माणूस कुठेच नव्हते. त्याने आपल्या जुन्या आळीत जाऊन हाक मारली. कुणी ओ दिली नाही.

आळीच्या कमानीवर एक साळुंकी बसली होती. ती म्हणाली, "स्थपती, नगरी ओस नाही. सारे इथेच आहेत."

"मग मला का दिसत नाहीत?"

"कुणालाच कुणी दिसत नाही. तू गेल्यावर माणकाचा माग काढत त्रिकूट वेशीवर आला आणि म्हणाला, 'माझी सोबत तुम्ही नेलीत. या नगरीत यापुढे कुणाला कुणाची सोबत नाही.' तेव्हापासून कुणी कुणाला पाहत नाही, ऐकत नाही, शिवत नाही. जो तो समजतो, सगळे निघून गेले, आपणच मागे राहिलो. आणि गेलेले परततील म्हणून कुणी नगरी सोडत नाही."

"यावर उपाय?"

"ज्या हाताने माणिक ठेवले, त्याच हाताने काढावे. पण सांभाळून. तू गेल्यावर तुझ्या वास्तूंच्या दंतकथा खऱ्या झाल्या आहेत. एकटी माणसे दुसरे काय करणार? रोज त्याच कथा स्वतःला सांगत बसली."

पहिली खुंटी गजद्वारातल्या दगडी हत्तीच्या मुखात होती. हा हत्ती खोटे बोलणाऱ्याचा हात चावतो, अशी कथा होती. ती कथा ऐकून भद्रकेतू पूर्वी हसत असे. त्याने हात आत घातला, तशी हत्तीने डोळे उघडले.

"तू नगरी का सोडलीस?"

"राजाने घालवले."

दगडी दात मनगटावर आवळले. "पुन्हा सांग."

भद्रकेतू हळू म्हणाला, "लुटीचे माणिक लपवणार नाही, असे मला म्हणता आले असते. मी म्हटले नाही. माझा घुमट अपुरा होता. तो पुरा व्हावा एवढेच मला हवे होते."

जबडा सैल झाला. खुंटी त्याच्या हाती आली.

दुसरी खुंटी बारवेत, पाण्याखालच्या पायरीत होती. बारवेच्या पाण्यात आपले गेलेले माणूस दिसते आणि बघणारा तिथेच बसून राहतो, ही कथा त्याने स्वतःच रचली होती, मुलांनी काठाशी जाऊ नये म्हणून. तो खाली उतरला. पाण्यात त्याची पत्नी इंदुमुखी बसली होती, ज्या वयात गेली त्याच वयाची.

"किती थकलात," ती म्हणाली. "थोडे बसा ना."

तो बसला. किती वेळ बसला ते त्याला कळले नाही. गुडघे गार पडले तेव्हा तो म्हणाला, "मंदा वर एकटी आहे."

इंदुमुखीने त्याच्याकडे नीट पाहिले. "मग माझ्यापाशी काय करता?" असे म्हणून तिने पाठ फिरवली. पाणी ओसरले. खुंटी पायरीत कोरडी दिसली.

तिसरी खुंटी घुमटात होती. एका भिंतीशी कुजबुजावे आणि समोरच्या भिंतीशी ते ऐकू यावे, अशी त्या घुमटाची करणी. लोक म्हणत, या घुमटात शब्द कधी वाया जात नाही. भद्रकेतूने भिंतीला हात लावला मात्र, दगडातून आवाज आला, "आज भेंडीचा वेल सुकला. नाही, भेंडीला वेल नसतो. दोडक्याचा. बघ, मी विसरायला लागले."

तो आवाज त्याने ओळखला. "मंदा!"

दगडातून उत्तर आले, "हे मी नाही बोलले."

"मी तुझा बाबा. परत आलो आहे."

"बाबा गेले. सगळेच गेले. मी रोज इथे येते, माझेच बोलणे मला परत ऐकू येते. आज ते बदलले. मला वेड लागले असेल." तिचा श्वास दगडातून ऐकू येत होता. "लागू दे. बोलत राहा. जाऊ नका."

भद्रकेतूचा हात खुंटीवर होता. खुंटी निघाली की घुमट मुका होणार, हे त्याच्याइतके कुणाला ठाऊक नव्हते. शाप फिटला नाही, तर लेकीची एवढीही सोबत जाणार होती. इथेच बसावे, तिच्याशी बोलत मरावे, असे त्याला वाटले.

"मंदा, मी एक दगड काढतो आहे. मग हा आवाज थांबेल."

"नको, नको! एवढेच उरले आहे मला."

"बारा वर्षांपूर्वी मी घुमटासाठी तुला सोडले," तो म्हणाला. "आज घुमट सोडतो." आणि त्याने खुंटी ओढली.

दगड मुका झाला. भद्रकेतूने तिन्ही खुंट्या शिळेत बसवल्या, तळघर उघडले, माणिक उचलले. वर पाहतो तो त्रिकूट मांत्रिक उभा. तोही म्हातारा झाला होता.

"तुमचे तुम्हाला परत," भद्रकेतू म्हणाला. "दोष माझाही आहे."

त्रिकूटाने माणिक कानाशी धरले. त्याचा चेहरा निवळला. तो एवढेच म्हणाला, "माझे गाऱ्हाणे संपले," आणि घुमटाच्या दारातून निघून गेला.

त्याच क्षणी बाहेर मोठा कल्लोळ उठला. पेठेत माणसे एकमेकांवर आदळत होती, एकमेकांची तोंडे चाचपत होती, रडत होती. राजा रिपुंजय अनवाणी धावत चौकात आला आणि पहिला जो माणूस दिसला त्याचे, एका कोष्ट्याचे, पाय धरून बसला. पुढे त्याने लुटीचे सारे धन ज्याचे त्याला पोचवले, मुकुट पुतणीच्या माथी ठेवला, आणि उरलेले आयुष्य वेशीवर येणाऱ्या वाटसरूंना पाणी देण्यात घालवले.

घुमटात समोरच्या भिंतीपाशी अठ्ठावीस वर्षांची एक बाई उभी होती. केस कानांपाशी पिकलेले. दोघे एकमेकांकडे पाहत राहिले.

"तुमचा चेहरा मला आठवत नव्हता," ती म्हणाली.

"रस्त्यात भेटतीस तर मीही ओळखले नसते."

"घरी चला," ती म्हणाली. "मी आता त्या जुन्या घरात राहत नाही."

त्या नगरीचा एकेक दगड भद्रकेतूने बसवला होता, पण लेकीचे घर कुठे, हे त्याला माहीत नव्हते. ती पुढे चालू लागली, आणि तो तिच्यामागून गेला.