बावतीसच्या गिटारचा पिकअप

“…मग तुम्हीच सांगा मास्तर, यातला अस्सल कुठला?”

वेरोनिकाने विचारलं खरं, पण तिला उत्तर नको होतं. उत्तर तिच्याकडे तयार होतं. तिला फक्त मास्तरांची मान हललेली बघायची होती.

इनास मास्तर ओटीवर वेताच्या खुर्चीत बसले होते. वसईच्या त्या पट्ट्यातल्या निम्म्या वाजवणाऱ्यांची बोटं त्यांनीच वळवली होती. वेरोनिकाचीही. समोरच्या टेबलावर तिच्या वडिलांची जुनी जपानी इलेक्ट्रिक गिटार होती आणि शेजारी, पांढऱ्या रुमालावर, तिच्यातून सोडवून काढलेला एक पिकअप.

पिकअप म्हणजे गिटारच्या तारांखाली बसवलेली पट्टीएवढी डबी. आत लोहचुंबक, त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे वेढे. वरची तार थरथरली की ही डबी ती थरथर उचलते आणि स्पीकरच्या पेटीकडे धाडते. डबी नसेल तर इलेक्ट्रिक गिटार म्हणजे मुकं लाकूड.

आणि या डब्या ओळखण्यात वेरोनिकाचा हात धरणारं कुणी नव्हतं. जुन्या गिटारबद्दल छातीठोकपणे बोलणारे खूप असतात. पण आतलं मूळचं किती आणि मागाहून घातलेलं किती, हे विचारायला गोव्यापासून शिलाँगपर्यंतचे लोक तिलाच फोन करत. ती अस्सल म्हणाली की अस्सल, नकली म्हणाली की नकली.

मास्तरांनी नुसतं गिटारकडे पाहिलं. तेव्हा तिनेच सुरुवात केली.

“दोनांपैकी खालचा, घोडीजवळचा पिकअप मूळचा आहे. त्याच्या सोल्डरला कुणी हात लावलेला नाही. राखाडी पडलंय. वायरचं वेष्टण बोट लावलं तर झडतं, इतकं जुनं. पण मानेजवळचा, हा रुमालावरचा… सोल्डरवर सोल्डर चढवलंय. वायर नंतरची. तळाला कारखान्याचा शिक्का नाही. मीटर लावला तर आकडासुद्धा दुसऱ्याशी जुळत नाही.”

“मग?”

“मग काय, नकली. मी काढून टाकला. त्याच सालचा, त्याच कारखान्यातला पिकअप शिलाँगहून मागवला आणि बसवला. आता ही गिटार जशी कारखान्यातून पहिल्यांदा निघाली असेल तशी आहे.”

मास्तरांनी रुमालावरचा पिकअप उचलला. उलटा केला. पुन्हा ठेवला.

“सगळं बरोबर ओळखलंस,” ते मान हलवत म्हणाले. “एकही गोष्ट चुकलेली नाही.”

मान हलली होती. वेरोनिकाला बरं वाटायला हवं होतं.

“मग का आलीस, बाय?”

…

बावतीस डाबरे हा तिचा बाप. जन्मभर लग्नांत, सणांत, गावच्या नाटकांत गिटार वाजवली. बोलायला मोठा गोड. वाजवता वाजवता शेजारच्याची थट्टा करील, हसवील, आणि ताल सुटू द्यायचा नाही.

उन्हाळ्यात त्याला अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग लुळं पडलं आणि वाचा गेली. जीव वाचला, एवढंच.

ओळखीचं काही कानावर पडत राहू दे, डॉक्टर म्हणाले. वेरोनिका कामं सोडून गावी आली. कपाटावरची गिटार खाली काढली. पण तशी वाजवायला तिचं मन घेईना. बापासाठी वाजवायचं तर गिटार निर्मळ हवी, आत काही खोटं नको. म्हणून आधी ती दुरुस्त केली, मग खाटेशेजारी बसली आणि बापाचंच आवडीचं गाणं छेडलं.

बावतीसने थोडं ऐकलं. मग भिंतीकडे तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी तेच. त्यानंतर रोज तेच.

हे सगळं तिने मास्तरांना सांगितलं. सांगताना तिची नजर टेबलावरच होती.

“मी त्यांचीच गाणी वाजवते, मास्तर. त्यांच्याच लयीत. सूर चुकत नाही.”

“त्याला कळत नसेल.”

“कळतं,” ती म्हणाली. “कळतं, म्हणून तर तोंड फिरवतात.”

मागे केळीच्या बागेत कुणीतरी पाटाचं पाणी वळवत होतं. मास्तरांनी तिकडून नजर वळवून रुमालाकडे पाहिलं.

“जुना बसव,” ते म्हणाले.

“कुठला जुना?”

“हा. रुमालावरचा.”

“मास्तर, तो सदोष आहे. वेढे हलू नयेत म्हणून मेणात बुडवतात, तेही केलेलं नाही. आवाज वाढवला की शिट्टी मारतो. गिटारवर टिचकी मारली तरी पेटीतून ऐकू येते. मूळच्या पिकअपला तारांखेरीज काही ऐकू येत नाही, आणि याला… याला सगळंच ऐकू येतं.”

“बसव.”

तिला राग आला. पण मास्तरांपुढे बसून त्यांचं न ऐकण्याची तिला सवय नव्हती. तिने पिशवीतून हत्यारं काढली, तारा सैल केल्या आणि शिलाँगहून मागवलेला तो पिकअप पुन्हा सोडवायला घेतला.

जुना बसवण्याआधी मास्तरांनी विचारलं, “वेढ्यांवरून काय गुंडाळलंय?”

“कापड.”

“कुठलं?”

“असंच. काळी पट्टी आहे.”

“तू दुसऱ्यांच्या गिटार बघतेस तेव्हा असंच म्हणतेस का? असंच, काळी पट्टी?”

वेरोनिकाने पिकअप डोळ्यांजवळ नेला. आजवर तिने त्यात काय नाही तेवढंच पाहिलं होतं. शिक्का नाही, मूळची वायर नाही. काय आहे, ते आता प्रथम पाहिलं.

ती उरेप पट्टी होती. ब्लाउजच्या गळ्याला आतून लावतात तशी, तिरकी कापलेली. टोक सुटू नये म्हणून बारीक हातशिलाई घातली होती. दोन टाके जवळजवळ, मग थोडी जागा, मग पुन्हा दोन.

असे टाके घालणारं माणूस तिने एकच पाहिलं होतं. आईला जाऊन आता बरीच वर्षं झाली. तिचं शिलाई मशीन घरी अजून खिडकीखाली होतं.

“आईचे टाके…”

मास्तरांनी बोटाने आत बघ अशी खूण केली.

वेरोनिकाने पट्टीची कड नखाने जराशी उचलली. आतले वेढे एका बाजूला दाट होते, दुसरीकडे विरळ. कारखान्यातल्या यंत्राने असं होत नाही. पायाने मशीन चालवायचं, बॉबिन भरायच्या चाकावर डबी चढवायची आणि तार चिमटीतून सोडायची, तर होतं. तार तुटू नये म्हणून श्वास धरून बसलेला बाप तिला दिसला. पायाखाली मशीनचं पायडल हळू हलवणारी आई दिसली.

“हा पप्पांनी केलाय. दोघांनी मिळून.”

“मूळचा केव्हाच बंद पडला होता,” मास्तर म्हणाले. “खारी हवा. तुझा जन्मही व्हायचा होता.”

म्हणजे आयुष्यभर तिने बापाच्या हातून जे ऐकलं, ते या डबीतून. लहानपणी ज्या आवाजाच्या नादाने ती मास्तरांच्या ओटीवर शिकायला येऊन बसली, तोही याच डबीतून.

तिने पट्टीची कड पुन्हा नीट बसवली. मग मनगट टेबलावर टेकवून सोल्डर लावलं.

पिकअप बसला. तारा चढल्या. मास्तरांच्या छोट्या स्पीकरच्या पेटीला वायर जोडली. वेरोनिकाने गिटार मांडीवर घेतली आणि पहिली तार छेडायला बोट उचललं…

मास्तरांनी तिच्या बोटांवर आपला हात ठेवला.

“वाजवू नकोस.”

मग ते वाकले. इतके की त्यांची हनुवटी तारांना टेकेल. त्या डबीपाशी तोंड नेऊन हाक मारावी तसे म्हणाले,

“बावतीस.”

आणि पेटीतून आवाज आला. बारीक, विहिरीच्या तळातून आल्यासारखा. बावतीस.

वेरोनिका पेटीकडे बघत राहिली. गिटारच्या आत कुणी माणूस बोलावा, हे तिला नवं नव्हतं. या दोषाला नाव आहे, कारण आहे, उपाय आहे. तिने तो किती गिटारमधून काढून दिला होता.

“हा दोष आहे, मास्तर,” ती हळूच म्हणाली.

“हो,” मास्तर म्हणाले. “दोषच आहे. जा आता घरी.”

…

घरी आली तेव्हा बावतीस उशांना टेकून बसला होता. तोंड भिंतीकडेच.

वेरोनिकाने पेटी लावली. आज ती खाटेशेजारी बसून वाजवू लागली नाही. तिने गिटार बापाच्या मांडीवर आडवी ठेवली, छातीला टेकवून, जशी तो पूर्वी धरी.

बावतीसने खाली पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग डाव्या हाताचा अंगठा त्या डबीवरून फिरवला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. आणि तोच हात गिटारच्या मानेवर गेला.

उजवा हात लुळा होता, पण सूर दाबायचा तो डावा. तो शाबूत होता. बोटं सावकाश आपापल्या जागी बसली. एक सरकली. पुन्हा बसली.

वेरोनिका त्याच्या उजव्या बाजूला सरकली आणि त्याच्या हाताच्या जागी आपला हात नेला. बापाने दाबलेला सूर लेकीने छेडला.

पेटी वाजली. तोच आवाज, जरासा घोगरा, कडेला फाटलेला. बावतीसने तोंड फिरवलं नाही.

बोटं पुढच्या सुरावर गेली. तिने छेडलं. मग त्याच्या पुढच्या. गाणं तिच्या ओळखीचं नव्हतं. लग्नात वाजवायचं असावं, तिच्या आधीचं. ती फक्त त्याच्या बोटांकडे बघत गेली.

एका ठिकाणी बोटं थांबली. सूर विरत गेला, विरला… आणि पेटीत काहीतरी उरलं. बारीक घुमणं. शिट्टी मारतोय, तिला वाटलं. सवयीने तिचा हात आवाज कमी करायला गेला.

तेवढ्यात तिला बापाचा गळा दिसला. तो हलत होता.

बावतीस गुणगुणत होता. ओठ मिटलेले, छाती गिटारच्या लाकडाला टेकलेली. खोलीत तो आवाज तिला ऐकू आला नसता, इतका क्षीण. पण त्या डबीने तो उचलला आणि पेटीतून खोलीभर केला.

बावतीसने मान वर करून पेटीकडे पाहिलं. तिथून येणारा आवाज आपलाच आहे हे कळायला त्याला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा त्याच्या तोंडाची एक बाजू हसली.

वेरोनिकाने आवाज कमी केला नाही.

…

रविवारी चर्चहून परतताना ती मास्तरांकडे गेली. गिटार पाठीला होती.

“रोज गुणगुणतात,” तिने सांगितलं. “शब्द नाहीत अजून. पण काल गाण्यात एका जागी ‘ये’ म्हणाले. स्पष्ट. डॉक्टर म्हणतात, बोलायची वाट बुजली तरी गाण्याची शिल्लक राहते कधीकधी. त्या वाटेने शब्द येतील. घाई करू नका.”

मास्तरांनी मान डोलावली.

“पण एक अडचण आहे, मास्तर. त्यांचा आवाज एवढासा. मी तार छेडली की तो खाली बुडतो. न छेडावं तर तेही थांबतात. माझी वाट बघत बसतात. मग मी वाजवू कसं?”

तिने हे विचारलं तेव्हा मान खाली होती. बऱ्याच वर्षांत तिने मास्तरांना उत्तर माहीत नसलेला प्रश्न विचारला नव्हता.

“वाजवून दाखव,” मास्तर म्हणाले.

तिने पेटीला वायर जोडली. ते लग्नाचं गाणं धरलं. आता ते तिला येत होतं.

“हळू.”

तिने हात हलका केला.

“अजून हळू.”

तार आता जेमतेम बोलत होती.

“अजून.”

बोटं तारेला नुसती शिवून जाऊ लागली. बागेतल्या पाटाचं पाणी ऐकू यायला लागलं. वाटेने जाणाऱ्या दोन बायकांचं बोलणं ऐकू आलं, मग त्यांच्या चपलाही.

“मास्तर,” ती म्हणाली, “आता तर काहीच ऐकू येत नाही.”

मास्तरांनी डोळे मिटले होते.

“मला येतंय… त्यालाही येईल. थांबू नकोस.”