मीठखळीवरचं पान

या, सावलीत बसा. खिंड चढून दमला असाल. ही समोर शिळा दिसते ना, मधोमध ओंजळभर खळगा असलेली, तिला आम्ही मीठखळी म्हणतो. बोट लावून चाटून बघा. लाजू नका, सगळेच बघतात. लागली ना खारट? चार महिने पाऊस तिला धूत असतो, तरी खारट लागते. मागे एक मास्तर आले होते. ते म्हणाले, तुम्ही दर माघी पौर्णिमेला तिच्यात मीठ टाकता, म्हणून ती खारट लागते. असेलही. पण शिळा आधी खारट होती म्हणून मीठ टाकायला लागले, की मीठ टाकलं म्हणून ती खारट झाली, हे मला आजवर उलगडलेलं नाही. मी हैबती गुरव. इथली पूजा सात पिढ्या आमच्याकडे आहे. एवढ्या पिढ्यांत कोणालाच हे उलगडलं नाही म्हटल्यावर मी एकट्यानं काय वाईट वाटून घेऊ?

तुम्ही नेमके पौर्णिमेला आलात, तेव्हा गोष्ट ऐकायलाच हवी. तिकडे चुलवणावर मोठं पातेलं चढलं आहे. रताळी शिजेपर्यंत माझं सांगून होईल.

फार पूर्वी, म्हणजे नेमकं कधी ते विचारू नका, आमच्या उंबरदांड गावात बावीस घरं होती. मीठ सगळं खालून कोकणातून यायचं, बैलाच्या पाठीवर गोण्या टाकून, याच खिंडीतून. ते आणायचं काम भिवा नावाच्या माणसाचं होतं. दिवाळी झाली की तो दोन बैल घेऊन घाट उतरायचा आणि दहा-बारा दिवसांत गावाचं वर्षाचं मीठ घेऊन परत यायचा.

आता आमच्याकडे एक रीत होती. माणूस घाट उतरला की तो परत येईपर्यंत घरच्या बाईनं खाण्यातला एक जिन्नस सोडायचा. देवी वाटेवर त्याला सांभाळते ती त्या सोडलेल्या घासाच्या बदल्यात, असं मानत. आणि बायका काय सोडायच्या? खरं सांगतो, जे घरात मुळात नसायचं तेच सोडायच्या. कोणी वांगं सोडायची, कोणी ताक. भिवाची बायको राही. तिनं त्या वर्षी देवीपुढं हात जोडून सांगितलं, "आई, धनी येईस्तोवर ग्वाड जिभंला लावनार न्हाई." गूळ तेव्हा गावात वर्षातून दोनदा दिसायचा, तोही पाटलाच्या घरी. फार स्वस्तातला नवस झाला. बायका हसल्या, राहीही हसली म्हणे.

भिवा गेला आणि चौथ्या दिवशी अवकाळी पाऊस लागला. आठ दिवस थांबला नाही. नाचणी आणि वरी शेतात उभी सडली. कणगीत जुनं होतं ते मार्गशीर्षापर्यंत पुरलं. त्यानंतर गावाकडे उरली फक्त मातीच्या पोटातली रताळी. ती मात्र त्या वर्षी मांडीएवढी पोसली होती. लोक देवीचे उपकार मानून सकाळ-संध्याकाळ रताळी उकडून खाऊ लागले.

आणि राही उपाशी बसली.

कारण भिवा आला नव्हता. दहा दिवस गेले, महिना गेला, पौष संपला, तरी आला नव्हता. खाली उतरायची वाट दरड पडून बंद झाली होती, तेव्हा शोधायला जाणार कोण? राहीला सातवा महिना चाललेला. रानातली भाजी वाळून गेलेली. चिंचेचं पाणी आणि कारळ्याची चटणी, एवढ्यावर ती दिवस काढत होती. रताळं समोर ठेवलं की म्हणायची, "ह्ये ग्वाड हाय. म्या आधीच देवीला हलकं दिलं. आता त्येबी मोडलं, तर त्यो वाटंतच राहील." न खावं तर पोटातलं जातं, खावं तर नवरा जातो. त्या पोरीचा जीव अशा कात्रीत सापडला होता. मला हे सांगताना अजून कसंतरी होतं.

गाव चावडीवर जमला. प्रश्न एकच, रताळं गोड धरायचं की नाही. पाटील म्हणाले, गोड म्हणजे गूळ, रताळं हा कंद आहे. कोणी म्हणालं, मग आपण पोरांना रताळं देताना 'ग्वाड-ग्वाड खा' असं का म्हणतो? तिसरा म्हणाला, कच्चं रताळं गोड नसतं, शिजलं की होतं, तेव्हा तिला कच्चंच द्या. चौथ्यानं तिथंच कच्चं चावून पाहिलं आणि तेही थोडं गोड लागतं म्हणून सांगितलं. दुपारपर्यंत सगळे इतके गोंधळले, की पाटलांना आपण आधी काय म्हणालो तेही आठवेना.

शेवटी देवीला कौल लावायचं ठरलं. तो लावला आमच्या पूर्वजानं. देवीच्या अंगावर उजवीकडे एक कळी चिकटवायची, डावीकडे एक. उजवी पडली तर रताळं चालेल, डावी पडली तर चालणार नाही. दोन्ही कळ्या एकदमच पडल्या. पुन्हा लावल्या, पुन्हा एकदमच पडल्या. तिसऱ्या वेळी एकही पडेना. आमच्या घरात हे आम्ही फारसं सांगत नाही, पण तुम्ही एवढे वर चढून आलात, म्हणून सांगतो.

तेव्हा येसूआजी नावाची म्हातारी उठली. राहीची शेजारीण ती. म्हणाली, "देवीलाबी कळंना झालंय, तर तुमास्नी काय कळनार? माझ्या चुलीला इचारते." तिचं म्हणणं असं, की रताळ्याचा गोडवाच मोडून काढायचा. ते जिभेला गोड लागलंच नाही, तर नवस मोडेल कसा?

पहिल्या दिवशी तिनं रताळी निखाऱ्यात भाजली, सालं काढून ठेचली आणि त्यात लसूण, लाल मिरची नि कारळ्याची चटणी कालवली. राहीनं बोटावर घेऊन चाखलं, पान बाजूला सारलं. म्हणाली, "ग्वाड हाय." दुसऱ्या दिवशी आजीनं काप केले, त्यांना हिरव्या मिरचीचं वाटण चोळलं आणि तव्यावर करपेपर्यंत परतले. राहीच्या डोळ्यांतून पाणी आलं इतके तिखट झाले, पण म्हणाली, "ग्वाडच हाय." तिसऱ्या दिवशी चिंच घालून आंबट रस्सा केला. तोही गोड. उलट मिरची आणि चिंच जितकी वाढवावी, तितका आतला गोडवा जास्तच वर येत होता. आजी भांबावून गेली. चौथ्या दिवशी राहीला उठून बसवेना.

मग म्हातारीच्या ध्यानात आलं, की यातल्या कशातच मीठ नव्हतं. असणार कुठून? गावाचं मीठ भिवाच्या बैलांवर होतं. पौषापासून सगळी घरं अळणी खात होती.

अगदीच मीठ नव्हतं असं नाही. प्रत्येक घरी मिठाचं गाडगं असतं आणि ते कधी पुरतं रिकामं करायचं नाही, तळाला चिमूटभर ठेवायचंच, असा नेम. गाडगं रिकामं झालं की घरातली लक्ष्मी उठून जाते. उपाशी मरायची वेळ आली तरी त्या चिमटीला कोणी हात लावत नसे. येसूआजी घरात गेली, आपलं गाडगं घेऊन या शिळेपाशी आली आणि सगळ्यांसमोर ते या खळग्यात उपडं करून झटकलं. त्यात किती होतं? बोटांच्या दोन पेरांत मावेल एवढं.

मग कोणीतरी दुसरं गाडगं आणलं. कोणाच्या घरातलं, यावर आजही गावात भांडणं होतात, कारण सात घरं तरी सांगतात की ते आमचंच. तिसरं आलं, चौथं आलं, दिवस कलायच्या आत बाविसावं आलं. कोणी स्वतःहून आणलं, कोणी बायको-सासूशी भांडून. खळगा काही भरला नाही, पण एका पातेल्यापुरतं मीठ झालं.

इथंच तीन दगड मांडून येसूआजीनं चूल केली. रताळी सालासकट चिरली. कारळ्याच्या तेलात मोहरी आणि ठेचलेला लसूण तडतडू दिला, सुक्या मिरच्या तोडून टाकल्या, वर फोडी, बावीस घरांचं मीठ आणि झाकणावर पाणी ठेवून वाफ. राहीला पाठीला धरून आणून बसवलं. गाव गोल करून उभा.

राहीनं एक फोड तोंडात घातली. चावली. गिळली नाही, नुसती धरून बसली. कोणाच्या घरात आता मीठ नाही, हे तिला ठाऊक होतं. तिच्या डोळ्यांना धार लागली. आजीनं विचारलं, "ग्वाड हाय का खारट?"

राही म्हणाली, "कळत न्हाई."

आजीनं दुसरी फोड दिली. "आता?"

"न्हाई कळत गं, आजी. खरंच न्हाई कळत."

आणि ती खात सुटली. खाताना रडत होती, त्यात डोळ्यांचं पाणी किती नि पातेल्यातलं मीठ किती, हे तिला कुठून कळणार? पाटील म्हणाले, जे गोड आहे हे तिलाच कळत नाही, त्यानं नवस कसा मोडेल? हे बरोबर की चूक, मला सांगता येत नाही, पण तेव्हा सगळ्यांना पटलं. पुढचे दोन महिने राही त्याच चवीवर जगली. दरड साफ करून खालून मीठ येईपर्यंत घरटी चमचाभर उसनं कुठून कुठून आणलं, त्याच्या वेगळ्या गोष्टी आहेत. चैत्रात तिला मुलगा झाला. त्याची लेक आमच्या घरात दिली होती. म्हणजे राहीला त्या दिवशी कळलं असतं, तर मी आज तुमच्यापुढं बसलेला नसतो.

भिवाचं काय झालं म्हणता? इथंच माझी पंचाईत होते. माझे आजोबा सांगायचे, तो चैत्रात परत आला, मीठ घेऊन आला, मुलाला त्यानं मांडीवर घेतलं. माझी आजी, ती राहीच्या माहेरच्या गावची, सांगायची की नुसता एक बैल आला. पाठीवर गोण नव्हती, केसांत मीठ वाळून पांढरं झालेलं होतं. दोघं एकाच माजघरात बसून ही दोन टोकं सांगायचे. एक गोष्ट मात्र दोघांना मान्य होती. राहीनं मरेपर्यंत गोड खाल्लं नाही. मुलाच्या लग्नातही नाही. तो आला असेल, तर तिनं का खाल्लं नाही? नसेल आला, तर माझे आजोबा माझ्याशी खोटं का बोलले? मी सत्तरी ओलांडली, अजून रात्रंदिवस याच घोळात आहे.

आजही उंबरदांडात कोणी रताळ्याला गूळ लावत नाही, उपासालाही नाही. माघी पौर्णिमेला घरोघरचं मिठाचं गाडगं इथं उपडं होतं आणि त्या दिवशी घरातलं जेवण अळणी. मिठाची भाजी फक्त या एका पातेल्यात. वाढणारी बाई प्रत्येकाला विचारते, गोड की खारट? आणि आम्ही सगळे सांगतो, कळत नाही. पोरं हसत सांगतात, म्हातारी माणसं डोळे पुसत सांगतात.

शिजलं वाटतं. वास आला. ते बघा, पहिलं पान मांडलं शिळेवर, घाटाच्या वाटेकडे तोंड करून. ते भिवाचं. आणि पानाशेजारी काठ्या घेऊन बसलेले ते दोघे आहेत ना, ते संध्याकाळपर्यंत तिथून हलणार नाहीत. कावळे हाकलायला बसलेत. कावळा शिवला तर माणूस गेला असं होतं, आणि आमच्या गावात ते अजून कोणी ठरवलेलं नाही.

चला, पानं घ्या. तुम्हालाही विचारतील.