भर चौकातली चार अंडी

त्या नगरातले सगळे रस्ते सरळ होते आणि रस्त्यांवरचे सगळे घाईत. बाजार होता, तळे होते, भरलेली कोठारे होती; पिल्ले मात्र नव्हती. ज्यांना ती हवी असत ते बिऱ्हाड उचलून रानात जात आणि पोरे मोठी झाली की परत येत.

भागा नावाच्या टिटवीला तसे जाता आले नाही. बाजारपेठेचा पहारा तिच्याकडे होता. कोल्हा वेशीत शिरला की ती ओरडे आणि साऱ्यांना सावध करी. उन्हाळ्यात सगळे नगर थंड डोंगरावर गेले तेव्हाही ती मागे थांबली. टिटव्या घरटे बांधत नाहीत. रिकाम्या चौकात, खड्यांमध्ये, तिने चार अंडी घातली.

ती उबत आली आणि नगर परतले.

सर्वांत पुढे दादबा हत्ती होता, पाठीवर धान्याची पोती घेऊन. खाली पाहताच त्याने उचललेला पाय तसाच हवेत धरला. मागे म्हशींचा तांडा खोळंबला.

"सरक की पुढं!" रखमा म्हैस ओरडली.

"कसा सरकू? खाली बाळंतीण बसलीय."

कारभारी बगळ्याला बोलावणे गेले. तो पांढरीशुभ्र पिसे धुळीपासून जपत आला.

"भागाबाई, वेशीबाहेर आपण संगमरवरी पाळणाघर बांधलं आहे. अंडी तिकडे हलवू. तुम्ही इथं निवांत पहारा द्या."

"तिथं कोण असतं?"

"कोणीच नसतं. म्हणून तर इतकं स्वच्छ राहिलं आहे."

"मग त्यांच्याशी बोलणार कोण?"

"अंड्यांशी?"

"कान लावून बघा, कारभारी."

बगळ्याने इकडेतिकडे पाहिले. मग गुडघे मुडपले, लांब मान वाकवली आणि डोके धुळीत टेकून एका अंड्याला कान लावला. तो इतका वेळ तसाच राहिला की म्हशीसुद्धा माना लांबवून बघू लागल्या.

"आतून कोणीतरी मला हाक मारली," तो उठत म्हणाला. त्याचा अर्धा चेहरा मातीने माखला होता. पाळणाघराचे नाव त्याने पुन्हा काढले नाही.

पण ऊन चढत होते. अंडी गार ठेवायची तर तळ्यात पोटाची पिसे भिजवून आणायला हवी होती. एवढ्या खुरांमध्ये अंडी टाकून कशी जाणार? भागा उठे आणि पुन्हा बसे.

"जा पोरी," दादबा म्हणाला. "माझी सावली आहे त्यांच्यावर."

ती उडाली, कशीबशी भिजली आणि धापा टाकत परतली. अंडी होती तिथेच होती, सावलीत. थोड्या वेळाने रखमा पुढे आली. "अरे, तुझी पोती कोठारात कधी पडायची? हो बाजूला. आता मी उभी राहते."

रखमानंतर उंट उभा राहिला, उंटानंतर बैलजोडी. बाकीचे त्यांना वळसा घालून जाऊ लागले आणि चौकातला सरळ रस्ता वाकडा झाला.

मग एका सकाळी अंडी फुटली. टिटवीची पिल्ले जन्मताच पळतात. ही चौघे चार दिशांना पळाली. एक शेळीच्या भाजीच्या पाटीखाली शिरले. एकाच्या मागे बगळा सगळा आब विसरून धावला. छपरावरचा कावळा, ज्याची भागाला सर्वांत जास्त धास्ती, तोच खाली वाकून ओरडला, "अगं भागा, तिसरं इकडं गटारीकडं निघालंय!"

त्या दिवसापासून नगर खाली बघून चालायला शिकले. चाल मंदावली आणि मंदावल्यावर शेजारी एकमेकांशी बोलू लागले. तळ्याच्या पायऱ्या हत्तीच्या पावलाच्या मापाच्या होत्या, पिल्लांना उतरता येईनात. बगळ्याने पाळणाघराच्या फरशा उखडून आणवल्या आणि तिथे लहानसा उतार करून घेतला. पिल्ले त्यावरून घसरत पाण्यात जात. गंमत पाहून उंटानेही एकदा घसरून पाहिले. त्याला बाहेर काढायला दादबाला बोलवावे लागले. बातमी रानात पोचली तशी एक ससुली आपली पोरे घेऊन परतली, मग मुंगसाचे बिऱ्हाड आले.

एका दुपारी भागा तळ्यावर आली. घाई नव्हती. पोटभर किडे खाल्ले, मनसोक्त अंघोळ केली, पिसे वाळवत काठावर टेकली. बाजारातून पिल्लांचा कालवा ऐकू येत होता. मध्येच एक रडले. ती उठायच्या आत रखमाचा समजावणीचा आवाज आला आणि रडे थांबले.

आभाळ कोसळले तर पिल्लांवर पडू नये, म्हणून ते पेलायला टिटव्या पाय वर करून झोपतात, असे म्हणतात. भागाने मात्र त्या दुपारी डोळे मिटले, दोन्ही पाय पोटाखाली दुमडून घेतले आणि ती गाढ झोपून गेली.