चुळीचा धोंडा

दिंडोरीच्या पलीकडे वारुळवाडीला एक लहानशी वायनरी आहे. तिच्या फाटकातून आत शिरले की आंबवणीच्या टाक्यांच्या अलीकडेच कमरेइतक्या उंचीचा एक काळा धोंडा लागतो. त्याच्या माथ्यापासून पायथ्यापर्यंत गडद तांबडा ओघळ उतरलेला आहे. पावसाने तो जात नाही आणि उन्हाने विटत नाही. माघात लाल द्राक्षांची तोडणी सुरू झाली की शहरातून पाहुणे येतात. धोंडा दिसताच ते चपला काढतात, नाणे ठेवतात, आणि कुणी भाविक बाई त्याला कुंकूही लावते.

ते कुंकू पुसण्याचे काम श्रीपतनानांकडे आहे. गावच्या शाळेतून निवृत्त झालेले हे वृद्ध गृहस्थ हंगामात तेथे खुर्ची टाकून बसतात. भक्ती कोठे करावी हे ज्यांना कळत नाही, त्यांच्याविषयी नानांना दया वाटत नाही.

"हा देव नव्हे," ते म्हणतात. "येथे चूळ टाकतात. हात जोडण्यापूर्वी विचारावे."

परवा पेला गोल फिरवीत एक तरुण म्हणाला, "नाना, या वाइनला जुन्या चामड्याचा गंध आहे बघा."

"तो आपल्याच चपलांचा असावा," नाना म्हणाले. "वाऱ्याच्या तोंडाशी काढल्या आहेत." आणि मग पुढील कथा त्यांनी सांगितली.

फार पूर्वी या माळावर हिराई नावाची एक विधवा राहत असे. एका उन्हाळ्यात दौलताबादेकडून आलेल्या गोसाव्याला तिने पाणी पाजले. त्याने झोळीतून द्राक्षवेलीची एक काडी काढून तिला दिली, आणि वचन मागितले, असे सांगतात: पहिला घड तोडणाऱ्याच्या तोंडी पडावा, मग उरलेल्याचे काय करायचे ते करा. हिराईने झऱ्याचे पाणी डोक्यावरून आणून ती काडी जगवली. काडीची वेल झाली, वेलीचा मांडव झाला, आणि तोडणीला गावातल्या बायका येऊ लागल्या. पहिला घड त्या मांडवाखालीच वाटून खात. त्यांच्या वर्षात गोड असे तेवढेच होते.

गावाला एक वतनदार होता. त्याचे नाव नाना सांगत नाहीत, गावात कुणीच सांगत नाही. ते विसरले गेले असे नव्हे. उष्टे पान टाकावे तसे ते टाकून दिले आहे. या पुरुषाने आयुष्यात काही पेरले नव्हते. परंतु दुसऱ्याचे पिकले की ते आपल्याच पुण्याईने पिकले, असे त्याला मनापासून वाटे.

त्या वर्षी सुभेदार गावावरून जाणार होता. त्याला खूश करून आणखी एका गावाचे वतन मिळवावे, असे वतनदाराच्या मनात आले. तोडणीच्या दिवशी त्याची माणसे मांडवात शिरली आणि पहिल्या घडासकट सारी द्राक्षे घेऊन गेली. हिराईलाच वाड्यावर बसवून त्यांचे आसव करवून घेतले. "सुभेदारांच्या जिभेला रुचलं नाही," तो तिला म्हणाला, "तर वेल मुळासकट उपटीन."

हिराई आसवाचा रांजण भरू लागली. बायका तिला विचारीत, "हिराई, वचनाचं काय गं?" ती रांजणाचे तोंड फडक्याने बांधी.

चैत्रात सुभेदार आला. याच धोंड्यापाशी बैठक मांडली होती. परक्या हातचे पेय, त्यात विष नसल्याची खात्री म्हणून, ते करणाऱ्यानेच प्रथम प्यावे, अशी तेव्हाची रीत होती, म्हणे. म्हणून पहिला पेला हिराईला दिला. तिने तो तोंडी लावला. साऱ्या गावाचे डोळे तिच्या गळ्याकडे लागले. गिळले तर वेल वाचणार होती आणि वचन बुडणार होते. हिराईने तोंडभर घेतलेली चूळ धोंड्यावर टाकली.

शिपाई पुढे सरसावले. सुभेदाराने हात वर केला. "काय आहे त्यात?"

"आमचा घड आहे," हिराई म्हणाली. "चोरीचा घास मी गिळत न्हाई."

सुभेदाराने पेला पुन्हा भरून घेतला आणि वतनदारापुढे धरला. "बाई काहीही बोलेल. आपण घ्या, म्हणजे आम्हीही घेऊ."

वतनदाराचा चेहरा उतरला. आपण त्या बाईचे काय केले हे त्याच्याइतके कुणालाच ठाऊक नव्हते. त्यामुळे तिने त्या रांजणात काय कालवले असेल याची कल्पनाही त्यालाच सर्वांत चांगली करता आली. तो म्हणाला, "आज आमची एकादशी आहे, सरकार."

त्या दिवशी सप्तमी होती, आणि सकाळी त्याच्याच अंगणात बोकड कापलेला गावाने पाहिला होता. कुठून तरी एक म्हातारी म्हणाली, "मंग बोकड उपासाचा व्हता का रं?" प्रथम बायका हसल्या, मग शिपाई, शेवटी सुभेदार.

हिराईने पुढे होऊन रांजणावर हात ठेवला. "तुम्ही टाकलंत," ती म्हणाली, "आता ते आमचं झालं." ती स्वतः प्यायली आणि बायकांना दिले. कुणालाही काही झाले नाही. आसव उत्तम होते, एवढेच. सुभेदाराने त्यातला शेवटचा पेला तिच्या हातून मागून घेतला आणि वतनाचा विषय न काढता घोड्यावर बसला. वेलीला हात लावायचे धैर्य पुढे वतनदाराला झाले नाही. हसे झालेल्या माणसाचा धाक उरत नाही. धोंड्यावरची चूळ मात्र वाळली ती तशीच राहिली, असे सांगतात.

कथा संपली तेव्हा तरुणाने पेला फिरवणे थांबवले होते. "मग आम्ही काय करायचं, नाना?"

"चपला घाला," नाना म्हणाले.

आजही वारुळवाडीत पहिला घड तोडणाऱ्या बायका खातात आणि त्याची साले धोंड्यावर थुंकतात. मग त्यांच्यातली वडीलधारी बाई गेल्या वर्षीच्या लाल वाइनचा पहिला पेला भरते आणि सर्वांदेखत वायनरीच्या मालकाच्या हाती देते. मालकाने तो प्यावा तेव्हा पाहुण्यांचे पेले भरतात. मालक सुशिक्षित आहे, हसतमुख आहे, मजुरी वेळेवर देतो. तरीही पेला ओठांशी नेताना त्याचा हात क्षणभर अडतो. रांगेने उभ्या असलेल्या बायका तेवढाच क्षण पाहतात, आणि तोडणीला लागतात.