पोळपाट इकडे, लाटणं तिकडे

आमची नात शाल्मली पाच वर्षांची झाली. या सोसायटीत येऊन तीन महिने झाले, पण एक पोर तिच्याशी खेळायला येईल तर शपथ! वाढदिवसाला पोरं आली खरी, पण केकसाठी. खाऊन पळणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून रिटर्न गिफ्ट मीच निवडलं. सुनेनं कपाळाला हात लावला.

मी लाकडी भातुकलीचा एकच संच आणला आणि निघताना प्रत्येक पोराच्या हातावर त्यातली एकेक वस्तू ठेवली.

चेअरमन घैसास नातीला न्यायला आले. तिच्या हातातला पोळपाट बघून सगळ्यांसमोर कडाडले, "अहो खरात, नुसता पोळपाट? लाटणं कुठंय? रिटर्न गिफ्ट म्हणजे काय, कळतं का तरी?"

"नाही साहेब, मी चौथी नापास. तुम्हीच सांगा, रिटर्न म्हणजे काय?"

"रिटर्न म्हणजे परत!"

"मग माझं चुकलं कुठं? लाटणं तळमजल्यावरच्या ओजसकडं, तवा त्या जुळ्यांकडं, चूल आमच्याकडं. पोळी खायची तर सगळ्यांना परत यावंच लागेल."

साहेब नातीचा हात धरून जिना उतरले.

दुसऱ्या दिवशी चार वाजता बेल वाजली. दारात घैसास, एका हाताला नात, दुसऱ्या हातात पोळपाट. हळूच म्हणाले, "लाटणं आलं का?"

मी तोंड उघडायच्या आत शाल्मली आतून ओरडली, "आजोबा, चूल मांडा! माणसं आली!"