पुंगळीच्या खांद्यावरचे पोचे

"खोट डायमध्ये नसेल, तर मग कुणात आहे, उस्ताद?"

पुष्कराज नलावडेने पिशवी टेबलावर उपडी केली. काडतुसांच्या चाळीस रिकाम्या पितळी पुंगळ्या. एकूण एक खांद्यावर, तोंडाकडे निमुळती होते तिथे, पोचे आलेल्या.

दस्तगीर उस्तादांनी तीस वर्षं पलटणीच्या रायफली दुरुस्त केल्या होत्या. आता ते रायफल क्लबच्या मागच्या खोलीत बसत.

बार उडाला की पुंगळी फुगते. पोलादी साच्यात, म्हणजे डायमध्ये, दाबली की मापात येते आणि दारू-गोळीने पुन्हा भरता येते. एवढंच काम. पुष्कराजने त्यावर क्लबात चार भाषणं ठोकली होती. भाषणानंतर चहा असे, त्यामुळे श्रोते कमी पडत नसत. विकतची काडतुसं भित्र्यांनी वापरावीत, हे वाक्य चौथ्या भाषणातलं.

परवा निवड चाचणी होती. ते वाक्य ऐकलेले सगळे बघायला येणार होते.

"डाय बाद झालीय," पुष्कराज म्हणाला. "आत उंचवटा आलाय."

उस्तादांनी डाय डोळ्यांवर धरून आत पाहिलं. चष्म्यावर तेलाचा थेंब पडला.

"तेल घालतोस?"

"रोज! तीन प्रकारचं. परदेशी."

"लोणचं घातलंयस की रे."

"मी वस्तू जपतो, उस्ताद."

उस्तादांनी डाय रॉकेलमध्ये बुडवली. काडीला चिंधी गुंडाळून आतून फिरवली. चिंधी काळी निघाली. दुसरी फिरवली. तिसरी कोरी निघाली.

"आत तेलाला पळायला वाट नसते. मग ते पितळाला ढकलतं."

"तेल? पितळाला? उस्ताद, मी इंजिनिअर आहे."

"असू दे. होईल बरं."

पुष्कराजच्या खिशात एक न दाबलेली पुंगळी होती. उस्तादांनी ती मागून घेतली, दोन बोटांत फिरवली आणि दाबली.

गुळगुळीत बाहेर आली.

पुष्कराजने टेबलावर बाटली शोधली. बाटली नव्हती. म्हणजे तेल लावायचंच नाही, असं त्याने ठरवून टाकलं. विचारलं असतं तर कळलं असतं. पण विचारणं त्याच्या सवयीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच तो दारात उभा. एका हातात डाय, दुसऱ्या हातात पुंगळ्यांची शेवटची पिशवी.

"अडकली, उस्ताद."

पुंगळी डायमध्ये घट्ट रुतली होती. ओढता ओढता तिची कडही तुटली होती.

"तुम्हीच तेल काढलंत!"

"मी डाय धुतली. तू अक्कल धुतलीस."

उस्तादांनी पुंगळीच्या बुडाला भोक पाडलं, आटे पाडले, बोल्ट बसवला आणि पान्याने हळूहळू ओढायला लागले. अर्धा तास पुष्कराज सांगितलं तशी डाय धरून उभा राहिला. पुष्कराजच्या बाबतीत क्लबात असं पूर्वी कधी घडलं नव्हतं.

टक्. पुंगळी सुटली.

डायच्या आत ओरखडा नव्हता. पुष्कराजने स्टुलावर बसून घेतलं.

"जास्त लावलं की पोचा येतो. नाही लावलं की अडकते," तो म्हणाला. आवाज बराच खाली आला होता. "मग नेमकं लावायचं किती? थेंबात सांगा. मिलिग्रॅममध्ये सांगा. उद्या आठला चाचणी आहे, उस्ताद... सगळे येणार आहेत हो."

उस्तादांनी कपाटातून शिवणयंत्राच्या तेलाची कुपी काढली. पुष्कराजच्या तळहातावर एक थेंब सोडला.

"चोळ."

त्याने दोन्ही हातांना चोळलं. वहीसाठी खिशाकडे हात नेला.

"पूस."

त्याने चिंधीला हात पुसले.

"अजून."

पुसले.

"अजून पूस."

पुष्कराजने बोट न् बोट पुसलं. तळवे उजेडात धरले, उलटे केले, पुन्हा सुलटे केले.

"आता काहीच उरलं नाही, उस्ताद..."

उस्तादांनी शेवटच्या पिशवीतली एक पुंगळी त्याच्या हातावर ठेवली.

"आता लाव."