पडद्याकडे पाठ

"म्हणजे मला ऐकता येत नाही, असं तुमचं म्हणणं आहे?"

नरहर टेंबे यांनी हा प्रश्न विचारला तेव्हा उस्ताद गुलाब मुजावर पेटीच्या भात्याला चामड्याचं ठिगळ लावत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"मी तसं कुठं म्हणालो? तुम्ही विचारलंत, ऐकायला शिकवाल का. शिकायचं ते येत नसतं म्हणूनच ना?"



मिरजेत टेंबे यांना कोण ओळखत नव्हतं? पाटबंधारे खात्यातून इंजिनियर म्हणून निवृत्त झालेला माणूस, पण गावात मान होता तो कानामुळे. तंबोरे जुळत असतानाच ते गवयाच्या मनातला राग ओळखत. दर्ग्याच्या उरुसात एका मोठ्या गवयानं गाता गाता थांबून, गर्दीतून नेमकं त्यांच्याकडे बघत हात जोडले होते. ती गोष्ट टेंबे स्वतः कधी सांगत नसत. दुसरा कुणी सांगू लागला, तर थांबवतही नसत.

तेच जुन्या चित्रपटांचं. त्यांनी काढलेल्या चित्रमंडळात दर महिन्याच्या एका रविवारी सकाळी एखादा जुना बोलपट लागे. टेंबे पहिल्या रांगेत बसत. विनोद यायच्या आधी हसत, समेच्या आधी मान हलवत आणि शेजारच्याच्या कानाशी लागून म्हणत, "आता बघा हं." त्यामुळे त्यांच्या शेजारची खुर्ची बहुधा रिकामी असे. लोक मान देतात, असा टेंबे यांचा समज होता.

येत्या रविवारी तर मूकपट लागणार होता. आणि त्याला पेटीची साथ करणार होते गुलाब मुजावर, ज्यांनी पोरवयात तंबूतल्या सिनेमापुढे बसून पेटी वाजवली होती. पन्नास वर्षांनी ते पुन्हा पडद्यापुढे बसणार होते. त्यांना राजी केलं होतं टेंबे यांनीच.

आणि याच भरात त्यांच्या मनानं घेतलं होतं, की उस्तादांकडून शिष्यत्वाचा गंडा मनगटावर बांधून घ्यायचा. वाजवण्यासाठी नव्हे, ऐकण्यासाठी. असला गंडा कुणी बांधल्याचं ऐकिवात नव्हतं. पहिला मान आपलाच.

"धाग्याचं मागनं बघू," उस्ताद म्हणाले. "रविवारी मी बसवीन तिथं बसायचं. कबूल?"

"कबूल."

...

रविवारी सकाळी दहाला थिएटर भरलं. वकील, डॉक्टर, कॉलेजातली मंडळी, मागं पेठेतले कारागीर. वत्सलाबाई टेंबे नेहमीप्रमाणे नवव्या रांगेत, शेजारच्या हौसाबाईंबरोबर. लग्नाला तेहतीस वर्षं झाली होती, पण थिएटरात नवराबायको कधी एकत्र बसले नव्हते. टेंबे यांना एकाग्रता लागे. घरी परत जाताना ते बायकोला चित्रपट समजावून सांगत आणि त्या "हो का" म्हणत.

पेटी पडद्याच्या पायथ्याशी मांडली होती. उस्ताद पडद्याकडे तोंड करून बसले. मग त्यांनी आपल्या पाठीमागं एक स्टूल ठेवायला लावलं.

"बसा. माझ्या पाठीला पाठ लावून."

"मग मला पडदा कसा दिसणार?"

"दिसणार नाही."

टेंबे यांचे कान तापले. सगळ्या गावासमोर, गावाकडे तोंड करून, वर्गात शिक्षा झालेल्या पोरासारखं बसायचं? पण शब्द दिला होता. बसले.

दिवे गेले.

पाठीमागं पेटी सुरू झाली. टेंबे यांनी सवयीनं राग पकडला, पुढची जागा मनात मांडून ठेवली. चित्र त्यांनी पूर्वी एकदा पाहिलं होतं. आता चित्राचं नाव, आता नदीकाठचं गाव, आता म्हातारी. सगळं पाठ होतं. सांगायला मात्र शेजारी कुणी नव्हतं.

हळूहळू अंधारात चेहरे दिसू लागले. पडद्याचा उजेड त्यांच्यावर पडत होता, हलत होता. गालात सुपारी धरून बसलेले वकील चघळायचं विसरले होते. सतारीच्या तारा ओढणारा एक कारागीर खुर्चीच्या कडेवर येऊन बसला होता.

आणि नवव्या रांगेत वत्सलाबाईंचे ओठ हलत होते.

टेंबे यांना आधी उमगेना. मग लक्षात आलं. हौसाबाईंना अक्षरओळख नव्हती. पडद्यावर मजकुराची पाटी आली, की वत्सलाबाई त्यांच्या कानाशी ती वाचत होत्या. नुसती वाचत नव्हत्या. सावकार आला की भुवया चढत, म्हातारी आली की मान थरथरे. पुढच्या दोन रांगांतल्या बायका कान मागं करून ऐकत होत्या. बोलपटांच्या वेळीही त्या अशाच कानाशी लागून समजावत असणार; किती वर्षं, देव जाणे.

टेंबे यांचा ऊर भरून आला. असा अभिमान त्यांना त्या गवयानं हात जोडले तेव्हाही वाटला नव्हता. ही माझी बायको, असं शेजारच्याला सांगावंसं वाटलं.

मग तो प्रसंग आला. म्हातारीचा मुलगा पैलतीरावरून यायचा असतो. होडी येते. रिकामी.

पाटी आली असावी. पण वत्सलाबाईंनी वाचली नाही. त्यांनी फक्त हौसाबाईंच्या हातावर हात ठेवला. सगळं थिएटर त्या एका हातासारखं स्थिर झालं.

टेंबे यांच्या कानात सूर भरून आला. खोल, संथ, कुठून सुरू झाला आणि कुठं निघाला ते न कळणारा. राग कोणता, हा प्रश्नच त्यांना पडला नाही. डोळे कधी वाहू लागले तेही कळलं नाही.

...

दिवे लागले. लोकांनी उस्तादांना हार घातले, टाळ्या बराच वेळ थांबल्या नाहीत. गर्दी ओसरल्यावर टेंबे बायकोला घेऊन पुढं आले.

"या आमच्या मंडळी," ते म्हणाले. "आज नवव्या रांगेत चित्र यांनीच दाखवलं."

वत्सलाबाई संकोचल्या. उस्तादांनी त्यांना हात जोडले आणि टेंबे यांच्याकडे पाहिलं.

"काय काय ऐकलंत?"



"सुरुवातीचं सांगता येईल," टेंबे म्हणाले. "पुढचं नाही. पण उस्ताद, होडी रिकामी आली ना... तिथं तुम्ही जे वाजवलंत, तसं मी जन्मात ऐकलं नाही. काय होतं ते?"

उस्ताद पेटीची कडी लावत होते. हात थांबला.

त्यांनी वत्सलाबाईंकडे पाहिलं, मग टेंबे यांच्याकडे. म्हाताऱ्या चेहऱ्यावर बापाला पोराचा वाटावा तसा अभिमान उजळला.

"तिथं मी भाता मिटून बसलो होतो, टेंबेसाहेब."